बेळगाव–खानापूरच्या डोंगराळ मुलखात सायकलवरून चार-पाच दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की पुणे, कोल्हापूर, सांगली आणि गोव्याकडून फोन सुरू होतात. विचारणारे निराळे असले तरी प्रश्न फारसे बदलत नाहीत, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर तिथे क्रमांक दिला आहे. आधी साध्या गोष्टी आहेत, अडचणीच्या पुढे येतील.

१. सफर नेमकी कुठून कुठे? एकूण किती किलोमीटर?

आम्ही सुचवतो तो फेरा असा: बेळगाव – पिरनवाडी – किणये – कुसमळी – जांबोटी. दुसऱ्या दिवशी जांबोटीहून कणकुंबी, चोर्ल्यापर्यंत जाऊन परत जांबोटी. तिसऱ्या दिवशी जांबोटी – खानापूर – नंदगड – हलशी. चौथ्या दिवशी बिडीमार्गे कित्तूर. पाचव्या दिवशी कित्तूरहून बैलहोंगल करून बेळगाव. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास.

पाच दिवसांत दोनशेच, असं म्हणून बरेच जण नाक मुरडतात. दोनशे एका दिवसात मारणारे लोक आहेत, आम्हालाही ठाऊक आहे. पण इथे दिवस किलोमीटरवर मोजू नका, उजेडावर मोजा. जांबोटीच्या पुढे सूर्य मावळल्यावर सायकलवर असू नये (कारण प्रश्न १० आणि ११ मध्ये). सकाळी धुकं निवळायलाच आठ वाजतात. मधल्या वेळात चढ, देऊळ, चहा, जेवण आणि वाटेत अडवून चौकशी करणारे तात्या हे सगळं बसवायचं असतं. तीस-चाळीस किलोमीटरांत दिवस कसा जातो ते कळत नाही.

२. घाट खूप आहेत का? मला जमेल का?

या फेऱ्यात घाट म्हणावा असा एकही चढ नाही, आणि लोक फसतात ते त्यामुळेच. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, कणकुंबी आठशेच्या जवळपास. कागदावर फरक नगण्य दिसतो. प्रत्यक्षात जांबोटी रस्ता सतत वर-खाली होतो. एक ओढा उतरायचा, पलीकडचा चढ चढायचा, दम खाईपर्यंत पुढचा ओढा आलेला असतो. घाटात एक लय सापडते. इथे ती दर अर्ध्या किलोमीटरला मोडते आणि तिसऱ्या दिवशी मांड्या बोलायला लागतात.

सामान लादलेल्या सायकलवर लागोपाठ दोन दिवस चाळीस-चाळीस किलोमीटर जाऊन बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसवत असेल तर या. सराव बेळगावात येऊन करायचा असेल तर आदल्या दिवशी येळ्ळूरमार्गे राजहंसगड करा. शेवटचा चढ उभा आहे, वर सिद्धेश्वराचं देऊळ आणि शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, आणि तो चढ सायकलवरून पाय न टेकता चढून गेलात तर बाकी फेऱ्याची काळजी नको.

३. कधी यावं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. पहाटे अंगावर जॅकेट लागतं, दुपारी टी-शर्ट पुरतो.

या जिल्ह्याचं हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्यानं बदलतं. कणकुंबी, आमगाव हा पट्टा कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. बेळगाव शहरात त्याच्या कितीतरी कमी पडतो, आणि बैलहोंगलकडे गेलात की काळी जमीन, ज्वारी आणि बाभळी. म्हणजे पाच दिवसांत तुम्ही दाट जंगलातून निघून उघड्या माळावर येता. मार्चनंतर जंगलातली सावली सुखाची असते, पण कित्तूर–बैलहोंगलचा टप्पा अकराच्या आत संपवावा लागतो. एप्रिल-मेचं आमिष म्हणजे काजू, करवंदं आणि फणस. त्यासाठी ऊन सोसायची तयारी असेल तर जांबोटी–कणकुंबी एवढाच दोन दिवसांचा तुकडा करा.

काही तारखा टाळा. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो, बेळगावात मोठी मिरवणूक निघते, आणि मराठी माणूस त्याच दिवशी काळा दिन पाळतो. शहरातले रस्ते दिवसभर अडलेले असतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बेळगावातल्या लॉजचे दर चढतात, खोलीही मिळत नाही. कित्तूर उत्सव २३ ऑक्टोबरच्या सुमारास असतो. १८२४ मध्ये त्या दिवशी राणी चन्नम्मांच्या फौजेनं कंपनीच्या सैन्याला हरवलं आणि कलेक्टर थॅकरे मारला गेला. उत्सव बघायचा असेल तर जरूर या, पण कित्तुरात राहायला जागा मिळेल असं गृहीत धरू नका. पौष आणि माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माकडे जाणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांनी पूर्वेकडचे रस्ते भरलेले असतात.

४. पण खरी हिरवळ पावसाळ्यातच ना? जुलैमध्ये आलो तर?

हिरवळ दिसेल. त्यापलीकडे काही दिसणार नाही, कारण धुक्यात दहा पावलांवरचं झाडही गायब असतं. कणकुंबीकडे पाऊस लागला की आठवडा-आठवडा उसंत देत नाही. पुलांवरून पाणी जातं, झाडं आडवी होतात, आणि डबक्याखाली खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावर समजतं. वज्रपोहा आणि इतर धबधब्यांकडे जायला पावसाळ्यात वनखातं बंदी घालतं आणि चुकवून गेलेल्यांवर गुन्हे दाखल करतं. सप्टेंबरचा शेवट हा मधला मार्ग. भात पोटरीत आलेलं असतं, ओढे वाहते असतात आणि दिवसातले काही तास कोरडे मिळतात.

५. कोणती सायकल आणू?

जी आहे ती. फक्त टायर ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत आणि सगळ्यात हलका गिअर खरोखर हलका असावा. रोडबाईकचे पंचवीसचे टायर खानापूरच्या चौपदरी रस्त्यावर मजेत चालतात. नंदगडच्या पुढे गावातल्या वाटांवर डांबर संपून जांभ्या दगडाची खडी लागते, तिथे ते नकोसे होतात.

इथली तांबडी माती बारीक असते. ती चेनवरच्या तेलात मिसळली की चेन आणि दाते दोन्ही खाते. रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्यानं पुसा आणि थेंब-थेंब तेल द्या. ओतू नका. सामान पाठीवर घेऊ नका, कॅरिअरला पॅनिअर, म्हणजे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, लावा. पॅनिअर नसतील तर खताच्या रिकाम्या पोत्यात कपडे घालून पोतं घट्ट बांधलं तरी चालतं. गावात तेच अधिक ओळखीचं वाटतं, हाही फायदा.

इलेक्ट्रिक सायकल चालेल, पण मुक्कामाच्या जागी रात्रभर वीज राहीलच असं धरू नका.

६. वाटेत पंक्चर काढून मिळतं का? ट्यूब मिळते का?

खानापूर, नंदगड, कित्तूर, बैलहोंगल इथे पंक्चरवाले आहेत, जांबोटीलाही काम होतं. जांबोटी ते चोर्ला आपलं आपण.

खरी अडचण पंक्चरची नाही, हवेची आहे. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हला बसणारं नोझल असतं. बऱ्याच नव्या सायकलींना बारीक, डोक्यावर स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. कंप्रेसर समोर धडधडत असतो आणि तुमच्या चाकात हवा जात नाही. वीस-तीस रुपयांचं पितळी अडॅप्टर मिळतं, ते व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा. खिशात ठेवलेलं हरवतं.

दुकानात बऱ्याच नव्या सायकलींना लागणारी सातशे-सी मापाची ट्यूब मिळत नाही. जुन्या काळ्या सायकलींची २८ इंची ट्यूब मात्र सगळीकडे असते. थोडी मोठी असली तरी चुण्या पडू न देता बसवली तर बेळगावपर्यंत आणून सोडते. तिचा व्हॉल्व्ह जाड असेल आणि रिमचं भोक बारीक असेल तर मात्र ती बसणार नाही, म्हणून दोन ट्यूब स्वतःच्या हव्यातच.

पंक्चरवाला ट्यूब घमेल्यातल्या गढूळ पाण्यात वीत-वीत फिरवतो, बुडबुडा दिसला की तिथे आगपेटीची काडी खोचतो, घासतो, सोल्युशन लावतो, फुंकतो. तो पॅच चिकटवेपर्यंत तुम्ही टायरच्या आतून बोट फिरवा. पूर्वेकडे बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो. त्याचं टोक बाहेरून दिसत नाही आणि आतून जेमतेम नखाला लागतं. तो तसाच राहिला तर दोन किलोमीटरवर पुन्हा खाली बसायची वेळ येते. बोट हळू फिरवा, काटा अंगठ्यातही जातो.

७. बेळगावपर्यंत सायकल कशी आणायची?

रेल्वे सगळ्यात बरी. मिरज–लोंढा मार्गावर बेळगाव मोठं स्टेशन आहे. सायकल पार्सल ऑफिसात बुक करून गार्डच्या डब्यातून पाठवायची. गाडीच्या बऱ्याच आधी पोचा, हवा कमी करा, दिवा आणि सीटबॅग काढून घ्या, दांड्यावर नाव आणि फोन लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा. खानापूरला चढवू-उतरवू म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे गाडी दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही. सायकल लोंढा किंवा बेळगाव इथेच चढवावी-उतरवावी.

कर्नाटकाच्या लाल बसच्या टपावर किंवा डिकीत सायकल जाते, पण कंडक्टरच्या मर्जीवर, आणि सामानाचं तिकीट निघतं. महिलांना मोफत प्रवासाची योजना कर्नाटकातल्या रहिवाशांपुरती आहे. पुण्याच्या ताईंना तिकीट काढावंच लागेल, सायकलीचं तर इथल्या-बाहेरच्या सगळ्यांनाच.

८. राहायचं कुठे? तंबू आणू का?

खानापूर आणि कित्तूरला साधे लॉज आहेत. जांबोटी–कणकुंबी पट्ट्यात रिसॉर्ट आणि घरगुती सोय झाली आहे. शनिवार-रविवारी ती बेळगाव-गोव्याच्या गाड्यांनी भरते, तेव्हा हा टप्पा आठवड्याच्या मधल्या दिवशी येईल असं बघा. हलशीत लॉजची अपेक्षा धरू नका. गावात विचारलं तर देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या पडवीत सोय होते. न झाली तर खानापूरला मागे या, पंधरा किलोमीटरच आहे.

देवळात झोपायचं तर आधी पुजाऱ्याला आणि पंचांपैकी एकाला विचारा. नुसतं पुजाऱ्याला विचारून पथारी टाकलीत तर रात्री नऊला चार माणसं चौकशीला येतात. राग नसतो, पण गावात कोण झोपलंय हे गावाला माहीत असावं लागतं. सकाळी ओवरी झाडून काढा, पेटीत यथाशक्ती टाका. देवळाच्या आवारात अंडंसुद्धा नको.

तंबू शेतात मालकाच्या परवानगीनं लावा. जंगलात नाही. तो वनकायद्याचा भंग आहे, आणि तिथे रात्री फिरणाऱ्यांना तुमचा तंबू दिसत नाही (प्रश्न १०).

९. खाण्यापिण्याचं काय?

सकाळी उप्पीट, पोहे, पुरी-भाजी. दुपारी खानावळीत भाकरी, आमटी, भात. पश्चिमेकडे नाचणी आणि तांदळाची भाकरी, कित्तूरच्या बाजूला ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येणगाई, म्हणजे भरली वांगी. संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी. शाकाहारी माणसाची कुठेही अडचण होत नाही. जवारी, म्हणजे गावठी, कोंबडी हवी असेल तर सकाळी सांगून ठेवावं लागतं, कारण ती तोवर अंगणात फिरत असते.

कुसमळी ओलांडलीत की पुढची टपरी उघडी असेलच असं नाही. गूळ-शेंगा, केळी आणि गोकाकचं करदंट बॅगेत ठेवा. करदंट म्हणजे डिंक, सुका मेवा आणि गूळ, महागड्या एनर्जी बारपेक्षा आम्हाला तेच पटतं. बेळगावचा कुंडा वाटेत नेऊ नका, चिकट होतो. तो परतल्यावर. मांडे तर सायकलवर न्यायचा विचारही करू नका.

पाणी तीन लिटर घेऊन निघा. ओढ्याचं पाणी काचेसारखं दिसलं तरी वर गुरं डुंबत असतात. घरात मागा, कुणी नाही म्हणत नाही.

१०. भीमगड अभयारण्यातून जाता येतं का? जनावरांची भीती आहे का?

भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र एकशे नव्वद चौरस किलोमीटर. आत गवाळी, कृष्णापूर, हेम्माडगा अशी गावं आहेत, आणि खानापूरहून हेम्माडग्यावरून अनमोडला जाणारा रस्ता त्याच जंगलातून जातो. डांबरी रस्त्यावरून दिवसा जाताना वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहून पुढे जायचं आणि वेळ विचारून घ्यायची. रस्ता सोडून आत जायचं असेल, भीमगड किल्ल्यावर किंवा बारापेडे गुहांकडे, तर खानापूरच्या वनकार्यालयाची आगाऊ परवानगी हवी. बारापेड्यात राउटनचं वटवाघूळ राहतं. जगात फार थोड्या ठिकाणी नोंदलेली ही जात आहे, म्हणून तिथे हौशीनं टॉर्च मारत फिरणं वनखात्याला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता जनावरं. गवे भरपूर. कळप रस्ता ओलांडत असेल तर पन्नास पावलं मागे उभे राहा, शेवटचं वासरू गेल्यावरही पाच मिनिटं थांबा. एकटा नर रस्त्यात उभा असेल तर घंटी वाजवत पुढे जायचा शहाणपणा करू नका. हत्ती कायमचे नाहीत, पण दांडेलीकडून येतात आणि खानापूर, चंदगडपर्यंत शेतात घुसतात. गावात सकाळी पहिली बातमी तीच असते, चहा घेताना विचारा.

आम्हाला सर्वांत धास्ती अस्वलाची वाटते. ते दिसण्याआधी जवळ आलेलं असतं, आणि सायकलचा आवाज होत नाही म्हणून तेही दचकतं. खानापूरच्या जंगलातल्या गावांत अस्वलानं जखमी केलेली माणसं आहेत. पहाटे आणि संध्याकाळी, विशेषतः वळणावर, घंटी वाजवा किंवा मोठ्यानं बोला. गाणं म्हणा. बेसूर असलं तरी चालेल.

माकडं घाटात पिशवीची चेन उघडतात. त्यांना खायला घालणाऱ्या गाड्यांमुळे ही सवय लागली आहे.

११. रस्त्यावर सर्वांत मोठा धोका कोणता?

ऊस. हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे निघतो. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला असतो, मागे दिवा नसतो, असला तर उसाच्या पानांनी झाकलेला असतो. गाणी एवढी मोठी लावलेली असतात की तुमची हाक ड्रायव्हरला ऐकू जात नाही. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून तुम्ही आत वळता आणि दुसरी ट्रॉली अजून जायची असते. नेमका इथेच घात होतो. दोन्ही ट्रॉल्या गेल्याची खात्री होईपर्यंत साइडपट्टीवरच राहा. चढावर ट्रॉलीला मागून धरून ओढून घ्यायची हौस असलेली पोरं दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. रस्त्यावर सांडलेलं उसाचं पाचट दवानं ओलं झालं की ब्रेक लागत नाही.

कित्तूर-बैलहोंगल बाजूला हे सर्वाधिक. जांबोटी–चोर्ला रस्त्यावर ऊस कमी, पण गोव्याच्या गाड्या सुसाट असतात. राष्ट्रीय महामार्ग ४८ लागेल तिथे सेवारस्ता धरा. खानापूर रस्त्यावर गणेबैलला टोलनाका आहे, सायकलीला टोल नाही. नाक्यावर अगदी डावीकडून जा.

गावांतले गतिरोधक रंगवलेले नसतात. शाळा किंवा देऊळ दिसलं की तो आहेच असं समजा.

१२. कन्नड येत नाही. सीमाभागात मराठी बोललो तर काही त्रास?

नाही. बेळगाव, खानापूर, नंदगड, जांबोटी इथे मराठी सर्रास चालते, कणकुंबीकडे कोकणीही ऐकू येते. कुणीतरी "कुठून आलासा ओ?" विचारेलच. वाद विधानसभेत आणि कोर्टात चालतात, पंक्चरच्या दुकानात कुणी काढत नाही. तुम्हीही काढू नका. सायकलवर कुठल्याही बाजूचा झेंडा लावून येऊ नका, पाच दिवस त्याचीच उत्तरं देत बसाल.

बिडीच्या पुढे कन्नड वाढत जाते आणि कित्तूरला तीच मुख्य. "नीरु बेकु" म्हणजे पाणी हवं, "ऊटा सिगतदा" म्हणजे जेवण मिळेल का, "कित्तूर दारी यावदु" म्हणजे कित्तूरची वाट कोणती. समोरच्याला अण्णा, बाईमाणसाला अक्का म्हणा. निम्मं काम तिथेच होतं. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, तेव्हा बस धरायची असेल तर पाटी वाचत बसण्यापेक्षा कंडक्टरला विचारा.

१३. वाटेत बघण्यासारखं काय आहे?

कणकुंबीला माऊलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. ती इथून पूर्वेकडे निघते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. याच खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. दोन नद्यांमधली ती कड सायकलवरून ओलांडताना कळतसुद्धा नाही, एवढी सपाट आहे. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्याचा कळसा-भांडुराचा वाद याच कडेवरचा. २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला, तरी वाद मिटलेला नाही. कणकुंबीला कालव्याचं खोदकाम दिसतं. तिथे ड्रोन उडवू नका, पोलिस येतात.

नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांची समाधी आहे. १८३१ मध्ये इंग्रजांनी त्यांना इथे फाशी दिलं, जवळचा वड लोक दाखवतात. त्याला नवसाचे पाळणे बांधलेले दिसतील.

हलशीला अर्धा दिवस द्या. कदंब राजघराण्याची जुनी पलाशिका नगरी ती हीच. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकाकडे बघताना दुसरा पाठीशी. देऊळ पुरातत्त्व खात्याकडे आहे, उजेड असतानाच पोचा. दुपारी दगडी फरशी गार असते, आणि तिथे डुलकी लागलेल्या सायकलवाल्याला आजवर कुणी उठवलेलं नाही.

कित्तूरला किल्ल्यातले राजवाड्याचे अवशेष आणि संग्रहालय, बैलहोंगलला राणी चन्नम्मांची समाधी.

१४. चोर्ल्यापर्यंत आलोच आहे, तर घाट उतरून गोव्यात जाऊ का?

जा, पण परतीचं ठरवून. चोर्ल्याहून केरीपर्यंत सुमारे सातशे मीटर उतार आहे. उतरायला मजा येते, आणि गोव्याहूनच रेल्वेनं परतायचं असेल तर याहून सुंदर शेवट नाही. मग हलशी-कित्तूर सोडावं लागेल.

त्याच दिवशी उतरून परत चढायचा बेत करू नका. सामानासह तो चढ तीन-चार तास खातो आणि तुम्ही संध्याकाळी नेमके जंगलात सापडता. उतरण्याआधी ब्रेकशू बघा. रिमब्रेक असतील तर दोन-तीन ठिकाणी थांबून रिम गार होऊ द्या. सतत ब्रेक दाबून उतरलं की रिम तापतो आणि ट्यूब फुटू शकते. वळणावर वाळू असते, आणि समोरून येणारी गाडी तुमच्या बाजूनं वळण घेते असंच समजून चाला.

१५. गोव्याहून येताना एखादी बाटली आणली तर? सायकलवर कोण बघतंय?

कणकुंबीचा अबकारी नाका बघतो. गोव्याची दारू परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, एक असो की दहा. पॅनिअर उघडायला लावतात. नाक्यावर घासाघीस करण्यात जो वेळ जाईल त्यात तुम्ही जांबोटी गाठली असती.

१६. जांबोटीऐवजी चंदगडकडून फेरा केला तर?

छान आहे, थोडा अवघड आहे. बेळगाव – हिंडलगा – तुरमुरी – शिनोळी – पाटणे फाटा – नागणवाडी – चंदगड. शिनोळीला तुम्ही महाराष्ट्रात शिरता आणि सायकलीला कुणी विचारत नाही. वाटेत देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपाळगड, पुढे पारगड, जिथे तानाजी मालुसऱ्यांचे वंशज आजही राहतात. हौस असेल तर पुढे आंबोली.

तिलारी घाट मात्र सामान लादून उतरू नका. रस्ता अरुंद, उतार तीव्र, वळणं आखूड. प्रश्न १४ मधली ब्रेकची गोष्ट तिथे दुपटीनं लागू आहे.

१७. नकाशा, नेटवर्क, पैसे?

जांबोटीच्या पुढे नेटवर्क येतं-जातं, भीमगडच्या गावांत बहुधा जातंच. नकाशा आधीच उतरवून ठेवा. पण फोनवरचा नकाशा जंगलातली बैलगाडीची वाटही रस्ता म्हणून दाखवतो. तो पाच किलोमीटर वाचवतो म्हणाला आणि गावातला माणूस नको म्हणाला, तर माणसाचं ऐका. गावातला माणूस "जवळच आहे" म्हणाला तर मात्र नकाशाचं ऐका.

यूपीआय सगळीकडे चालतं, नेटवर्क असेपर्यंत. दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा.

१८. आम्ही दोघी मैत्रिणी येणार आहोत. सुरक्षित आहे का?

दिवसा हो. लोक बघतात, विचारतात, फोटो मागतात. मुक्काम खानापूर आणि कित्तूरला लॉजमध्ये, जांबोटीला आधी ठरवलेल्या जागी करा. हलशीला राहायचं तर कुटुंब असलेल्या घरात. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारलं तर त्या योग्य घर सांगतात. स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे. पेट्रोलपंप आणि बसस्टँड सोडले तर भरवसा नाही, म्हणून सकाळी मुक्कामाहून निघतानाच पुढचा थांबा ठरवा. आणीबाणीत ११२.

१९. आजारी पडलो, लागलं, साप चावला तर?

रुग्णवाहिका १०८. खानापूर आणि बैलहोंगलला तालुका रुग्णालय, मोठं काही असेल तर बेळगावचं जिल्हा रुग्णालय. साप चावला तर मांत्रिक, ब्लेड, दोरी काही नको. पाय हलू न देता थेट तालुका रुग्णालय.

गोचीड हा विषय लोक हसण्यावारी नेतात. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागात माकडताप झालेला आहे. तो जंगलातल्या गोचिडीतून पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे. पालापाचोळ्यावर बसू नका, पॅंट मोज्यात खोचा, रात्री काखा आणि गुडघ्यामागची बाजू तपासा. परतल्यावर दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

कुत्री मागे लागली तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला. पळणाऱ्या चाकाचा त्यांना राग असतो, माणसाचा नाही. चावलं तर त्याच दिवशी लस.

२०. मध्येच सोडावं लागलं तर?

जांबोटीहून बेळगाव आणि खानापूर दोन्हीकडे बस आहेत. हलशीहून खानापूर जवळ, तिथून बेळगाव सव्वीस किलोमीटर. कित्तूर महामार्गालगत आहे, बसची कमी नाही. सायकल बसमध्ये घेत नसतील तर भाजीचा टेम्पो गाठा. पहाटे बेळगावच्या बाजाराकडे जाणारे टेम्पो डिझेलपुरते पैसे घेऊन सायकल टाकून नेतात. पैसे आधी ठरवा.

२१. वाटेत एका गावात लक्ष्मीची यात्रा होती आणि अनोळखी लोक जेवायला बसा म्हणून मागे लागले. बसायचं असतं का?

बसायचं. ग्रामदेवतेची ही यात्रा काही गावांत बऱ्याच वर्षांनी एकदा येते. त्या दिवसांत घराघरात पाहुणे असतात आणि रस्त्यावरून जाणारा माणूसही पाहुणाच धरतात. शाकाहारी असाल तर दारातच सांगा, कारण पंगतीत बहुधा मटण असतं आणि वाढल्यावर नको म्हणणं बरं दिसत नाही. वेगळं ताट लगेच येतं. पैसे देऊ करू नका, ते अपमान समजतात. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातावर खाऊला काहीतरी ठेवलेलं चालतं. जेवल्यावर तासभर सायकल चालवायचा विचार सोडा, आणि अंधार होत आला असेल तर त्याच घरी झोपायला जागा मागा.